चित्रासमोर उभं राहून नक्की करायचं काय?

ठाणेकरीण

मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल, पण मनापासून विचारतेय.

मी जाहिरातींचं मराठी लिहिते. साबण, गृहकर्ज, लोणची, सगळं. गेले काही महिने डोक्याचा पार चोथा झालाय. सुचत नाही असं नाही, पण जे सुचतं ते आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते मीच लिहिलेलं असतं. झोपेचंही खोबरं. समुपदेशक बाईंकडे जाते. त्यांनी इतर गोष्टींबरोबर सुचवलं की आठवड्यातून एकदा एकच चित्र सावकाश, नीट लक्ष देऊन बघत जा. मन थाऱ्यावर येतं आणि कामालाही उपयोग होतो म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन म्हैसूर-उटी केलं. जगनमोहन पॅलेसमध्ये ते हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे ना, हळदणकरांचं, तिथे ठरवून थांबले. काकूच्या घरी फ्रेम होती, त्यामुळे लहानपणापासून ओळखीचं. म्हटलं, चला, यावरच प्रयोग करू. तर काय? ‘छान आहे’ असं मनात म्हणून झालं, आणि पुढे काय करायचं तेच कळेना. मागून ‘मॅडम, जरा सरका’ सुरू. बाबा शेजारच्या काकांना छातीठोकपणे सांगत होते की हे रविवर्म्याचं आहे. माझं मन तोवर जेवणाच्या कुपनांपाशी.

तर जे कोणी हे खरंच करतात त्यांनी सांगा: उभं राहिल्यावर डोळ्यांनी आणि डोक्यानं नेमकं काय करायचं? किती वेळ? आणि यात काही अर्थ आहे की परदेशातून आलेलं आणखी एक खूळ?

---

फुकट सल्ला केंद्र

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चित्र भिडायचं असेल तर पाहताक्षणी भिडतं. अर्धा तास टक लावून बसल्यावर आवडायला लागलं तर ती सवय झाली. तसं तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकीपण आवडायला लागेल. त्यापेक्षा सकाळी चालायला जा.

---

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

ताई, प्रश्न अजिबात बावळट नाही. कोल्हापूरकडच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, आणि हाच प्रश्न मुलांनी तोंडानं नाही तरी चेहऱ्यानं रोज विचारला. तुम्ही योगायोगानं माझ्या आवडीच्याच चित्राचा विषय काढलात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी बाबांचं. त्यांना सांगा की ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. मूळचे सावंतवाडीचे, जन्म १८८२, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, म्हणजे साठी उलटल्यावर काढलेलं. इंग्रजी नाव ‘ग्लो ऑफ होप’. दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी गीता, पुढच्या गीताताई उपळेकर. त्या कोल्हापुरातच राहत. २०१८ साली गेल्या, वय १०२. आमच्या गावात चित्रातली बाई हिंडत-फिरत होती आणि निम्म्या गावाला पत्ता नव्हता! रविवर्म्याशी गल्लत मात्र सगळीकडे होते, बाबा एकटे नाहीत.

आता काय करायचं ते.

वर्गात माझा एक नियम असायचा. पहिली काही मिनिटं ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ हे शब्द बंद. फक्त दिसतंय ते सांगायचं. बाई आहे. साडी जांभळी आहे. हातात दिवा आहे. दुसरा हात ज्योतीपुढे धरलाय. हातात बांगड्या आहेत. मागे भिंतीवर सावली आहे. बस. तुम्ही ‘छान आहे’ म्हणालात आणि तिथंच बघणं संपलं, कारण निकाल लागल्यावर कोण पेपर तपासत बसतो? निकाल लांबवायचा. तोंडानं पुटपुटलात तर उत्तम, नाहीतर मनात. पण नाव घेतल्याशिवाय पुढच्या वस्तूवर जायचं नाही.

ही यादी दोनेक मिनिटांत संपते आणि मग कंटाळा येतो. इथं ध्यान द्या. तो यायलाच हवा. मुलं या वेळेला चुळबुळ करायची, कुणी पट्टी वाजवायचा, कुणी पाणी प्यायला परवानगी मागायचा. मी गप्प बसायचो. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून खरा प्रश्न यायचा. एकदा एका मुलानं विचारलं, ‘सर, हिला वारा कुठून लागतोय?’ सगळा वर्ग चित्राकडे वळला. हात आडवा धरलाय म्हणजे वारा असणार, नाहीतर चालताना ज्योत हलत असणार. मग ती चालतेय का उभी आहे? पदराकडे बघा, पायाकडे बघा. पुढची पंधरा मिनिटं मला काही शिकवावं लागलं नाही.

दुसरी पायरी म्हणजे उजेडाचा माग काढायचा. ज्योतीवर हात आहे, मग उजेड जातो कुठं? आधी बोटांत. तिथून चेहऱ्यावर, आणि तोही खालून वर, कारण दिवा चेहऱ्याच्या खाली आहे. आपण उन्हात वावरणारी माणसं, आपल्याला उजेड वरून पडलेला बघायची सवय. त्यामुळे हनुवटीखाली उजेड दिसला की चेहरा ओळखीचा असूनही वेगळा वाटतो. मग साडीच्या चुण्यांवर उजेड कुठवर टिकतो आणि कुठं विझतो ते बघा. शेवटी भिंत.

आणि आता त्यातली खरी कारागिरी. हे जलरंगात आहे, तैलरंगात नव्हे. पारदर्शक जलरंगात उजेडाचा रंग नसतो. उजेड म्हणजे खालचा कागद. जिथं झळाळी हवी तिथं कागद राखायचा किंवा अगदी पातळ वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, द्यायचा, आणि आजूबाजूला थरावर थर देत अंधार चढवत न्यायचा. तैलरंगात चुकलं तर वरून रंग लावता येतो. इथं एकदा गडद पडलं की पडलं. एवढ्या मोठ्या आकाराच्या चित्रात हा अंधार सांभाळलाय. मी साध्या कार्ट्रिज पेपरवर सपाट वॉश द्यायला मुलांना शिकवताना घाम काढलाय, म्हणून मला त्या भिंतीपुढं हात जोडावेसे वाटतात. लोक बोटं बघतात. मी भिंत बघतो.

बोटांचंही करून बघा, घरीच. रात्री खोलीतला दिवा बंद करा, निरांजन लावा आणि ज्योतीपुढं तळहात आडवा धरा. मोबाइलचा टॉर्च नको, त्याचा झोत एवढा जोरात असतो की अख्खं बोट लालभडक होतं. निरांजनाच्या उजेडात हात मधे काळाच राहतो. तांबूस होतात त्या फक्त बोटांच्या कडा, आणि दोन बोटं जिथं एकमेकांना टेकतात तिथली फट. नखांजवळ किंचित वेगळा, केशरी. हे स्वतःच्या हातावर बघून झालं की मग काकूंच्या फ्रेमकडे जा आणि हळदणकरांनी तांबडा कुठं कुठं ठेवलाय ते बघा. त्यानंतर त्या चित्रापुढं उभं राहिल्यावर कुपनं आठवतात का सांगा.

तिसरी पायरी, आणि तुमच्या धंद्याला हीच लागू पडेल. रेखाकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटला स्मरणचित्र असायचं, आठवतंय? मुलं त्याला घाबरायची. मी त्याचा वापर उलटा करतो. चित्र बघून झालं की पाठ फिरवायची आणि पेन्सिलीनं आठवेल तेवढं काढायचं. तिकिटाच्या मागे चालेल. काड्यांची माणसं काढलीत तरी चालेल, मी गुण देणार नाही. दिवा काढाल, हात काढाल, आणि मग अडाल. मान कुठं कललीय? डोक्यावर पदर आहे का नाही? दुसरा हात दिव्याच्या खाली आहे का बाजूला? कागदावर ती जागा कोरी राहते. मग परत वळून तेवढंच बघायचं. आपण काय बघितलं नव्हतं हे कोरी जागा सांगते. तुम्ही लिहिता ते वाचलेलं वाटतं म्हणालात. माझ्या मते तुम्ही वस्तूऐवजी वस्तूवरचं लेबल आठवून लिहिताय. लोणच्याची बरणी समोर ठेवा, हाच प्रकार करा, आणि मग बघा काय शब्द येतात.

मनःशांती वगैरे माझ्या विषयात येत नाही. एवढंच सांगतो: बायको आजारी असताना दवाखान्याच्या बाकावर बरेच तास काढले. समोर देवाचं कॅलेंडर. छपाईत रंग हलले होते, त्यामुळे ओठांचा लाल ओठांबाहेर गालावर सरकला होता आणि मुकुटाला दोन कडा होत्या. मी निळा किती सरकलाय, पिवळा कुठल्या बाजूला, असं शोधत बसायचो. काळजी गेली नाही. पण तेवढा वेळ डॉक्टरांचं तेच ते वाक्य डोक्यात फिरायचं थांबलं. म्हणजे चित्र चांगलंच हवं असंही नाही.

आणि केंद्रचालक, पाण्याची टाकी आवडायला लागली तर काय बिघडलं? माझ्या दोन मुलांना टाकीच्या निसर्गचित्राला बक्षीस मिळालंय.

---

शिकागोचा गारठा

मास्तर, दंडवत. थोडी माहिती माझ्याकडून.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री आणि लिसा स्मिथ या दोघांनी लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात ते मोजलं होतं. २००१ साली छापून आलं. सरासरी २७ सेकंद आणि मध्यक फक्त १७. म्हणजे निम्मे लोक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले, आणि या वेळात शेजारची पाटी वाचणंही धरलेलं. नंतर हेच आमच्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा केलं. सरासरी साधारण तेवढीच आली, फक्त या वेळी लोक चित्राबरोबर सेल्फीही काढत होते. तेव्हा ठाणेकरीणबाई, तुम्ही एकट्या नाही आहात, आणि तुम्हाला तर मागून ढकलतही होते.

दरवर्षी एप्रिलमध्ये ‘स्लो आर्ट डे’ असतो, बऱ्याच देशांतली संग्रहालयं भाग घेतात. पद्धत सोपी. मोजकीच चित्रं, प्रत्येकापुढे पाच-दहा मिनिटं, आणि नंतर सगळ्यांनी जेवताना त्यावर बोलायचं. मी बायकोच्या आग्रहानं गेलो होतो. चित्रांपेक्षा नंतरच्या गप्पांत जास्त मजा आली, कारण एकाच चित्रात आम्ही दोघांनी वेगवेगळी माणसं पाहिली होती. मला कुत्रा दिसलाच नव्हता. चांगला मोठा कुत्रा होता.

---

ओपीडी नंबर चार

मी मानसिक आरोग्य विभागात काम करते, त्यामुळे थोडी लगाम घालायची बाजू माझ्याकडे.

फायदा होतो का? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कला आणि आरोग्य या विषयावरच्या ३,००० हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कलेचा आरोग्याला हातभार लागतो असाच त्याचा सूर आहे. पण त्यात गाणं, नाच, नाटक, चित्र काढणं हे सगळं आलं. नुसतं शांतपणे चित्र बघणं हा त्यातला छोटा तुकडा. २०१८ पासून माँट्रियलच्या ललित कला संग्रहालयात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर रुग्णांना फुकट प्रवेश देण्याचा उपक्रम झाला. छान कल्पना आहे. पण चिठ्ठीवर औषधंही असतात हे विसरू नका. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली असेल तर ते तुमच्या समुपदेशक बाईंना स्पष्ट सांगा, चित्रावर सोडू नका.

नजर तयार होते याला मात्र चांगला आधार आहे. येल विद्यापीठात आयर्विन ब्रेव्हरमन हे त्वचारोगाचे डॉक्टर आणि लिंडा फ्रीडलेंडर यांनी वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेऊन चित्रांचं बारकाईनं वर्णन करायला लावलं. त्यांची रोगनिरीक्षणाची नजर बाकीच्यांपेक्षा सुधारली, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. मास्तरांचा ‘सुंदर म्हणायचं नाही’ हा नियम आणि येलवाल्यांची पद्धत एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत.

आमच्या डे-केअर गटात मी तीनच प्रश्न वापरते. ही पद्धत अबिगेल हाउसन आणि फिलिप येनवाइन यांनी बसवलेली. या चित्रात काय चाललंय? तुम्ही हे कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे एका आजोबांनी याच दिवेवालीबद्दल सांगितलं, ‘लाइट गेलीय.’ कशावरून? ‘आमच्याकडं लाइट गेल्यावर माझी आई असाच दिवा धरून यायची.’ ते एरवी गटात तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी आईबद्दल बराच वेळ बोलले. एका बाईंना मात्र ते चित्र बघून एकदम रडू आलं, तेव्हा आम्ही थांबलो. जड वाटायला लागलं तर थांबायचं, चित्र कुठे पळून जात नाही.

---

भायखळा स्लो लोकल

मास्तरांचं पटलं, पण एक शंकाही आणि भरही. दिवा-साडी-बांगड्या असलेल्या चित्राला यादी चालते. अमूर्त चित्रं काढणाऱ्या गायतोंडेंच्या चित्रापुढे काय म्हणाल? वस्तूच नाहीत!

मी वासुदेव गायतोंडेंच्या कॅनव्हासपुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा यादी दोन शब्दांत संपली: पिवळा, मोठा. पण तिथेही उजेडाचा माग काढणं चालतं बरं का. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे, रंगाचे थर चढवायचे आणि काढायचेही. जवळून तिरकं पाहिलं की एका थराची कड दुसऱ्याखाली कुठे जाते ते दिसतं. मग लांब गेलं की तीच कड धुक्यात गेल्यासारखी. मी पुढे-मागे येरझारा घालतो, सुरक्षारक्षक संशयानं बघतात. वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण करणारा माणूस होता तो. मग बघणाऱ्यानं १७ सेकंदांत उरकलं तर हिशोब कुठेच बसत नाही.

आणि मला त्यातून शांत वगैरे वाटत नाही. उलट थोडं अस्वस्थ होतं. पण ट्रेनमध्ये बसल्यावर समोरच्या खिडकीच्या पत्र्यावरचे जुन्या रंगाचे पोपडे दिसायला लागतात, आधी दिसत नव्हते. मी फर्निचरला पॉलिश करण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे मला याचा रोख फायदा आहे.

---

फुकट सल्ला केंद्र

बरं बाबा, टाकीवरचा शेरा मागे घेतो. पण एक सांगा, प्रिंटवर जर सगळं होतं तर मूळ चित्रापर्यंत जायचं कशाला? म्हैसूरचं भाडं वाचेल.

---

निवृत्त ड्रॉइंग मास्तर

भाडं वाचवा, पण एकदा तरी जा. बाजारातल्या निम्म्या प्रिंटांमध्ये जांभळी साडी काळपट झालेली असते आणि अंधारातली भिंत म्हणजे नुसता तपकिरी ठोकळा. मुळात त्या अंधारात रंग आहेत. दुसरं म्हणजे आकार. प्रिंटमध्ये बाई वीतभर, मूळ चित्र मोठं आहे, त्यामुळे ती आपल्या समोर उभी राहते आणि आपण आपोआप दोन पावलं मागे येतो. सराव प्रिंटवर करा, मॅच म्हैसूरला.

भायखळा, पॉलिशवाल्याची नजर माझ्यापेक्षा तयार असणार. अमूर्ताबद्दल तुम्हीच लिहीत जा, माझी गाडी तिथं अडते.

---

ठाणेकरीण

सगळ्यांचे आभार! निरांजनाचा प्रयोग काल रात्री केला. आई म्हणाली, अवेळी दिवा कशाला लावलास, मग तीही हात धरून बसली. तिच्या बोटांच्या कडा माझ्यापेक्षा जास्त तांबूस दिसतात, तिची बोटं बारीक झालीत म्हणून असेल. बाबांनी टॉर्चनं केलं आणि ‘हे बघ, सगळंच लाल’ म्हणून मास्तरांचं म्हणणं सिद्ध केलं. रविवर्म्याचा मुद्दा अजून सोडलेला नाही.

लोणच्याच्या बरणीवरही बसले. ‘आजीच्या हाताची चव’ हे पाच मिनिटं लिहायचं नाही असं ठरवलं. वर आलेलं तेल झाकणाच्या आतल्या बाजूला गोल ठसा सोडतं, आणि फोडीच्या कोयीकडच्या कडेला मोहरीची डाळ चिकटून राहते. अजून ओळ झालेली नाही, पण वहीत कच्चं लिहून ठेवलंय.

ओपीडी ताई, झोपेचं बाईंशी बोलले, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय.

आता येत्या शनिवारी किंवा सोमवारी सुट्टी टाकून फोर्टला जायचा विचार आहे. जहांगीर आर्ट गॅलरी की समोरचं एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय? आणि वहीत रेखाटन करू देतात का?

---

भायखळा स्लो लोकल

सोमवार नको, एनजीएमए बंद असतं. शनिवारी उघडताच पोहोचा, दुपारनंतर कॉलेजची गर्दी होते. जहांगीरला प्रदर्शनं बदलत राहतात, तिथे चित्रकार स्वतः भेटतो, पण तो शेजारी उभा असला की शांतपणे बघता येत नाही, उगाच कौतुक करावं लागतं. रेखाटनाचं आत शिरतानाच विचारून घ्या. पेन्सिल न्या, शाईपेन नको, आणि पाठीवरची सॅक बाहेर ठेवावी लागते. घडीचं स्टूल मात्र आणू नका, माझ्या स्टुलावरून एकदा बराच वाद झालाय. मधे बाक असेल त्याच्या समोरचंच चित्र निवडा.